नाण्याला आठवण नसते

"आता लागायलाच पाहिजे!"

हे वाक्य मला आमच्या शिरवळमध्ये तीन निरनिराळ्या तोंडून ऐकू येतं. पहिलं तोंड एमआयडीसीतल्या पोरांचं. दुसरी पाळी सुटली की चौघांत मिळून घेतलेल्या खोल्यांमध्ये ही पोरं उशीला पाठ टेकून मोबाइलवर राक्षस मारत बसतात. "सात फटके कोरडे गेले, आता क्रिट लागायलाच पाहिजे." दुसरं तोंड आकडा लावणाऱ्याचं. "चार दिवस पंजा आला नाही, आज लागायलाच पाहिजे." तिसऱ्या तोंडी तेच वाक्य जरा हळू आवाजात येतं, बहुधा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या. "तीन पोरी झाल्या, आता मुलगा व्हायलाच पाहिजे."

वाक्य एकच, आणि त्यामागचा हिशेबही एकच. नशिबाकडे आपली बाकी साठली आहे, आता ती वसूल होणार. मौज अशी की या तिघांपैकी एकाच माणसाचं म्हणणं खरं असू शकतं, आणि तो म्हणजे मोबाइलवर राक्षस मारणारा पोरगा. उरलेले दोघं शंभर टक्के चूक. ज्याला आपण 'पोरखेळ' म्हणून उडवून लावतो त्याचंच गणित बरोबर निघावं! पण थोडा विचार केल्यावर मला या मौजेचीच काळजी वाटायला लागली. आजचं लिखाण त्या काळजीबद्दल आहे.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. (ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी चहा घेऊन यावं.) ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणजे आपण एक पात्र घ्यायचं, योद्धा किंवा जादूगार, आणि त्याला हळूहळू वाढवायचं. त्याची तलवार समजा १०० चा फटका मारते. पण मधूनच एखादा फटका वर्मी बसतो आणि २०० चा होतो. पडद्यावर आकडा मोठ्या अक्षरात उसळतो. हा क्रिटिकल हिट, पोरांच्या भाषेत क्रिट. तो किती वेळा बसेल याचा टक्का पात्राच्या माहितीत लिहिलेला असतो. २५ टक्के क्रिट असेल तर सरासरी चारातला एक फटका दुप्पट, म्हणजे एकूण मार सव्वापट. इतकं सोपं.

मी इथल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या खात्यात आहे, त्यामुळे टक्का म्हटलं की कान टवकारले जातात. चहाच्या सुट्टीत आमची पोरं या खेळांच्या गोष्टी सांगतात. बारावीला गणितात काठावर सुटलेला मुलगा क्रिटचे टक्के मात्र तोंडी करतो! त्यांच्याकडून ऐकत आणि पुढे स्वतः शोधून वाचत गेलो तेव्हा कळलं, या एका आकड्यामागे किती डोकं लावलेलं असतं.

सगळ्यात प्रामाणिक वाटलेलं सूत्र २००२ साली कोरियात आलेल्या रॅग्नारोक ऑनलाइनचं. भारतातही तो काही काळ अधिकृतपणे चालत होता. त्यात पात्राला ताकद, चपळाई, बुद्धी यांच्याबरोबर चक्क 'लक' नावाचा गुण असतो. लकच्या दर ३ पॉइंटांना क्रिटचा साधारण १ टक्का वाढतो, आणि मुळातला १ टक्का फुकट. म्हणजे लक ६० असेल तर क्रिट १९ टक्के. पण समोरच्याचंही नशीब मोजलं जातं. त्याच्या दर ५ लकला तुमचा १ टक्का कमी. त्याचं लक २० असेल तर तुमचे १९ चे १५ झाले. वर हा नशिबाचा गुण स्वस्तातही मिळत नाही. पहिले पॉइंट दोन-दोनला मिळतात, नव्वदीच्या घरात तोच एक पॉइंट अकराला पडतो. पत्रिका बघून मुहूर्त काढणाऱ्या आपल्या समाजाला हे किती ओळखीचं वाटावं! फरक एवढाच की इथे दर उघड लिहिलेला आहे.

२००४ सालच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं दुसरी तऱ्हा काढली. तलवारीच्या साध्या फटक्यासाठी तिथे एकच फासा पडतो, पण ज्या पटावर तो पडतो त्याचे शंभर खाने आधीच वाटलेले असतात. इतके खाने 'चुकला'चे, इतके 'शत्रूनं हुकवला'चे, इतके 'ओझरता लागला'चे, मग क्रिटचे, आणि उरलेले साध्या फटक्याचे. जागा शंभरच. वरच्या लोकांनी जास्त खाने घेतले तर क्रिटला कितीही टक्के असले तरी बसायला जागा उरत नाही. एसटीत मागच्या स्टँडवर भरून आलेले प्रवासी असतात ना, तसंच. जादूगाराच्या मंत्राला मात्र दोन फासे. पहिला 'लागला की नाही' याचा, आणि लागला तर दुसरा क्रिटचा. लागण्याची शक्यता ८० टक्के आणि क्रिट २५ टक्के असेल, तर खरं क्रिट शंभरात २०. पडद्यावरचा आकडा दोन्हीकडे २५, पण पदरात पडतं वेगळं.

त्याच खेळात २००७ च्या सुमाराला आणखी एक बदल झाला. शस्त्र-चिलखतांवर थेट टक्का लिहिण्याऐवजी 'रेटिंग' आलं. साठाव्या पातळीवर १४ रेटिंगला १ टक्का मिळायचा, सत्तराव्या पातळीवर त्याच १ टक्क्याला साधारण २२ रेटिंग लागायला लागलं, आणि पुढे ऐंशीव्या पातळीवर जवळजवळ ४६. अंगावरचे दागिने तेच, त्यांची किंमत मात्र वर चढू तशी उतरते. पगारवाढ आणि महागाई यांचं नातं ज्याला समजतं त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि बेरीज? तीही साधी नसते. डायब्लो २ मध्ये (साल २०००) दुप्पट माराचे दोन वेगवेगळे मार्ग होते. दोन्हींचे ३०-३० टक्के असले तर माणूस सहज ६० म्हणतो. पण दोन्ही हुकण्याची शक्यता ७० टक्क्यांचे ७० टक्के, म्हणजे ४९. तेव्हा निदान एक लागण्याची ५१. ६० नव्हे. शाळेत हे गणित नाण्यांवर शिकवतात आणि मुलं जांभया देतात. इथे तेच गणित पोरं रात्री दोन वाजता, कोणी न सांगता करतात. यात मला वाईट काहीच दिसत नाही. उलट कौतुक वाटतं.

आता काळजीकडे येतो.

वर सांगितलेल्या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक फटक्याला नवा फासा. सर्व्हरवरचा संगणक ० ते ९९९९ मधला एक आकडा काढतो. २५०० च्या आत आला तर क्रिट, नाहीतर साधा फटका. मागच्या फटक्याला काय झालं याची त्या आकड्याला खबर नसते. सात फटके कोरडे गेले तरी आठव्याला २५ टक्केच. ते सातही क्रिट गेले असते तरी आठव्याला २५ टक्केच. नाण्याला आठवण नसते, ती ही गोष्ट.

पण माणसाला असते! २५ टक्के म्हटल्यावर आपल्या मनात 'चारातला एक' असं चित्र उमटतं, आणि ते नेमाने चाराचाराच्या गटात यावं अशी अपेक्षा बसते. खऱ्या यदृच्छेत तसं होत नाही. २५ टक्क्यांच्या खेळात सलग आठ फटके कोरडे जाण्याची शक्यता १० टक्के आहे. सलग बारा कोरडे जाण्याची ३ टक्क्यांहून थोडी जास्त. रोज शेकडो फटके मारणाऱ्याला हे दिवसातून कितीतरी वेळा दिसणार. मग तो म्हणतो, गेम फिक्स आहे. सिव्हिलायझेशन या प्रसिद्ध खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०१० साली एका परिषदेत हेच सांगितलं होतं. तीनास एक अशी आपल्या बाजूची शक्यता असताना हरलं की खेळणारे चिडत, आणि तीच शक्यता शत्रूच्या बाजूला असताना स्वतः जिंकले तर त्यात त्यांना काही खटकत नसे. शिवाय मागची लढाई हरलो असू तर ही तरी जिंकलीच पाहिजे, असंही त्यांना वाटे. शेवटी मायर मंडळींनी माणसांना समजावण्याऐवजी खेळ बदलला.

इतरांनीही तेच केलं. निन्टेंडोच्या फायर एम्ब्लेम मालिकेत २००२ पासून पुष्कळ भागांमध्ये नेम लागण्याचा टक्का दाखवायचे एक आणि वापरायचे दुसरा. एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी घ्यायची. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसत असताना प्रत्यक्षात शंभरातले ९८ नेम लागत, आणि १० टक्के दिसत असताना फक्त २. नव्वद म्हणजे 'जवळजवळ नक्की' हा माणसाचा समज खरा करून दिला. बघा हं, इथे माणसाची चूक दुरुस्त केली नाही, जगच त्या चुकीच्या मापाचं शिवून दिलं.

क्रिटच्या बाबतीत यातला सर्वांत हुशार प्रकार वॉरक्राफ्ट ३ (२००२) मध्ये आला आणि तिथून डोटा या खेळात गेला. आपल्या नेटकॅफेंमध्ये पोरांनी ज्याच्यापायी तासाचे पैसे उधळले तोच डोटा. तिथे २५ टक्के लिहिलेलं असलं तरी पहिल्या फटक्याला शक्यता फक्त ८.५ टक्के असते. हुकला तर दुसऱ्याला १७. पुन्हा हुकला तर तिसऱ्याला २५.४, मग ३३.९, असं ८.५-८.५ नं चढत जातं. क्रिट बसलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हिशेब असा बांधलाय की सरासरी बरोब्बर चारातला एक येते. पण सलग दोन क्रिट क्वचितच येतात, आणि बारा फटके सलग कोरडे जाणं अशक्यच, कारण बाराव्याला शक्यता शंभरावर पोचलेली असते.

म्हणजे या फाशाला आठवण आहे. तो तुमची बाकी वहीत लिहून ठेवतो. "सात कोरडे गेले, आता लागायलाच पाहिजे" असं म्हणणारा पोरगा या खेळात अगदी बरोबर बोलतोय. त्याच्या आठव्या फटक्याला २५ नव्हे, जवळजवळ ६८ टक्के शक्यता आहे. कसलेले खेळाडू तर आधी किरकोळ प्याद्यांवर फटके वाया घालवून ही वही भरून घेतात आणि मग मोठ्या शत्रूवर चालून जातात.

खेळ म्हणून मला हे आवडतं. पण शिकवण म्हणून विचार केला की पोटात गोळा येतो. दिवसाला दोन-तीन तास, वर्षानुवर्षं, वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून एखादं यंत्र मुलाला शिकवत असेल की 'हुकत राहिलास म्हणजे जवळ येतोयस', तर ती शिकवण पडद्याबरोबर बंद होईल का? आपला मेंदू खेळातले धडे आणि जगातले धडे वेगळ्या कप्प्यांत ठेवत नाही. सायकल शिकलेला माणूस मोटारसायकलवरही तसाच तोल सांभाळायला जातो.

आता दुसऱ्या तोंडाकडे येऊ. मटका हा आपल्या मुंबईचा शोध. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडा लावायचा धंदा बंद पडल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी पत्ते काढून आकडा ठरवायची पद्धत रूढ केली. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक धरायचा. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ रुपये हा जुना भाव. दहा अंक, लागण्याची शक्यता ढोबळमानाने दहात एक, आणि मिळणार नऊ. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी दहा पैसे बुकीचे. हे गणित पाचवीतल्या पोराला कळेल. मग माणसं वर्षानुवर्षं का लावत राहिली? कारण त्यांच्या हातात 'चार्ट' असतो. मागच्या महिन्यांचे ओपन-क्लोज लिहिलेला कागद. कुठला आकडा किती दिवस आला नाही ते पेन्सिलीनं गोल करून ठेवलेलं असतं. हा चार्ट म्हणजे डोटाची वहीच की! फक्त ती पंटरच्या खिशात असते, पत्त्यांना तिचा पत्ता नसतो. दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात.

आजचा पंटर टपरीवर जात नाही, मोबाइलवरच असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा आमच्याकडेही पुष्कळांना हळहळ वाटली आणि त्याहून जास्त घरांना सुटल्यासारखं वाटलं. मी बंदीच्या बाजूचा की विरोधातला हा आजचा विषय नाही. कायदा दुकान बंद करतो. 'आता लागायलाच पाहिजे' हे वाक्य बंद करत नाही.

आणि तिसरं तोंड. इथे हसण्याचा सूर मी बाजूला ठेवतो.

मुलगा की मुलगी, हा निसर्गाचा फासा जवळजवळ अर्धा-अर्धा आहे, मुलग्याकडे अगदी किंचित झुकलेला. तीन मुलं असलेल्या दर आठ-नऊ घरांमागे एका घरात निव्वळ योगायोगानं तिन्ही मुलीच असणार. त्यात कुणाचा दोष नाही, पत्रिकेचा नाही आणि त्या बाईचा तर मुळीच नाही. आणि चौथ्या वेळी? पुन्हा अर्धं-अर्धं. त्या गर्भाला मागच्या तिघींची आठवण नसते. पण घराला असते. आपल्याच सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या मुली होत्या. नको असताना झालेल्या, तिसऱ्या, चौथ्या. हे नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो अशी समजूत. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात जाहीर कार्यक्रम करून अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली गेली. काहींनी ती स्वतः निवडली. मला वाटतं, 'बाकी साठली आहे' या चुकीच्या हिशेबाची एवढी लहान वयातली वसुली दुसरीकडे कुठे झाली नसेल. एका मुलीला आयुष्यभर स्वतःच्या नावानंच सांगितलं जात होतं की तू कोरडा गेलेला फटका आहेस.

ज्यांना फासा पडेपर्यंत थांबवेना त्यांनी तर फासाच उघडून बघायला सुरुवात केली. गर्भलिंगचाचणीविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानं केला, देशाचा कायदा १९९४ चा. तरी राज्यातलं सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण दर हजार मुलांमागे १९९१ ला ९४६ होतं, ते २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४ वर आलं. हे काही योगायोगानं घडत नाही. माणसानं हात घातल्याशिवाय फासा असा सलग एकाच बाजूला कलत नाही.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते शिरवळचंच म्हणता येईल. इथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्यामुळे चहाच्या टपरीवरही गायीगुरांचं शास्त्र जरा जास्त बोललं जातं. गोठ्यात सगळ्यांना कालवड हवी असते, गोऱ्हा नको. (त्याच घरात पाळण्यात मात्र उलट!) आता कृत्रिम रेतनासाठी लिंगनिश्चित वीर्यमात्रा मिळते, तिच्यानं साधारण दहातल्या नऊ वेळा कालवड होते. हे रॅग्नारोकच्या लक पॉइंटासारखं झालं. पैसे मोजले, टक्का पन्नासाचा नव्वद झाला. पण तो नव्वदच राहतो. मागच्या खेपेला गोऱ्हा झाला म्हणून या खेपेला पंच्याण्णव होत नाही. शक्यता वाढवता येते, तिला आठवण मात्र देता येत नाही.

म्हणून मला वाटतं, कुठल्याही नशिबाच्या गोष्टीपुढे उभं राहिलं की एकच प्रश्न विचारावा: याला आठवण आहे का? काही गोष्टींना खरंच असते. मेंढीकोटात दोन दहिल्या पडून गेल्या की उरलेल्या दोन कुठे असतील याचा अंदाज बांधणं शहाणपणाचं आहे, कारण गेलेला पत्ता परत येत नाही. आमच्या कारखान्यात मशीनचं हत्यार झिजत जातं, म्हणून शंभर नग चांगले निघाल्यावर पुढच्या नगाकडे जास्त लक्ष द्यायचं असतं. तिथे 'आता चुकणार' हे म्हणणं बरोबर ठरतं. डोटाचं क्रिट या गटातलं. नाणं, कवड्या, मटक्याचे पत्ते, चौथं बाळंतपण दुसऱ्या गटातलं. दोन्हींची सरमिसळ झाली की माणूस बुडतो, किंवा दुसऱ्याला बुडवतो.

खेळ बनवणाऱ्यांना माझं म्हणणं असं. फाशाला आठवण द्या, जरूर द्या. पण ती लपवू नका. २५ टक्के लिहिता तिथेच खाली लिहा, 'हुकल्यावर शक्यता वाढते'. एक ओळ! आज कुठल्या खेळात साधा फासा आहे आणि कुठल्यात वहीवाला, हे पुष्कळदा खेळणाऱ्यांनाच हजारो फटके मोजून शोधून काढावं लागतं. लपवण्याची सवय कुठवर जाते त्याचं उदाहरण कोरियातच आहे. मेपलस्टोरी या ऑनलाइन खेळात शस्त्रांचे गुण बदलायला पैसे देऊन 'क्यूब' घ्यावे लागत. लोकांना हवे असलेले गुण मिळण्याची शक्यता कंपनीनं न सांगता कमी केली होती, काही जोड्यांची तर शून्य. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं नेक्सॉन कंपनीला अकराशे कोटी वॉनहून अधिक दंड केला, आणि त्याच वर्षी मार्चपासून अशा विकत घ्यायच्या नशिबाची टक्केवारी जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक झालं. चीननं ते २०१७ पासूनच केलं होतं. शून्य टक्क्याच्या फाशावर माणसं वर्षानुवर्षं 'आता लागायलाच पाहिजे' म्हणत पैसे लावत होती, हे वाचून मला आपला चार्टवाला पंटर आठवला. त्या बिचाऱ्याला निदान दहात एक तरी शक्यता होती.

शाळांनाही एक विनंती. दहावीच्या गणितात 'संभाव्यता' नावाचं प्रकरण आहे. नाणी, फासे, पत्ते, पिशवीतले रंगीत चेंडू, सगळं रीतसर आहे. त्याला एक तास जोडावा. मुलांनाच विचारावं, तुमच्या खेळातलं क्रिट कसं ठरतं? त्यांना गप्प बसवणं अवघड जाईल. मग फळ्यावर दोन रकाने आखावेत, आठवण असलेला फासा आणि नसलेला. मटका कुठल्या रकान्यात, लॉटरी कुठल्या, आणि 'तीन मुलींनंतर मुलगा' कुठल्या, ते मुलांनीच भरावं. ज्या घरात हे वाक्य हळू आवाजात बोललं जातं, त्या घरातलंही एखादं मूल वर्गात बसलेलं असेल.

महाभारतातल्या नळाची गोष्ट आपल्याला माहीत असते ती बहुधा द्यूतात राज्य गमावण्यापुरती. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. नळ वेष पालटून ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं न तोडता किती ते सांगतो. त्या काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत. नळ ती विद्या मागून घेतो, अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म. आणि ती विद्या येताक्षणी त्याच्या अंगात शिरून बसलेला कली बाहेर पडतो. देवाचा धावा करून नाही, मोजायला शिकून.

आमच्या पोरांच्या हातात आज जे खेळ आहेत त्यांनी त्यांना मोजायला शिकवलंय यात शंका नाही. अर्धं अक्षहृदय त्यांना आलं आहे. उरलेलं अर्धं, म्हणजे कुठल्या फाशाला वही असते आणि कुठल्याला नसते, ते सांगायची जबाबदारी खेळ बनवणाऱ्यांची, शिक्षकांची आणि आपली. ते खेळातून आपोआप येणार नाही. कारण खेळ माणसाला खूश ठेवायला बनवलेला असतो, आणि खरा फासा कुणाला खूश ठेवायला बांधलेला नसतो.